लिलावातले घर

शहागडसारख्या गोदाकाठच्या, हमरस्त्यावरच्या गावात पतसंस्थेच्या लिलावाची नोटीस लागली की, ‘स्वस्तात पडेल का?’ हाच प्रश्न आपण आधी विचारतो. ‘पदरात कधी पडेल?’ हे आधी विचारावे, असे आम्हांस वाटते.

महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम १०१ खाली संस्थेला वसुलीचा दाखला मिळतो. मग १९६१ च्या नियमांपैकी १०७ व्या नियमाने जप्ती व जाहीर लिलाव. (बहुराज्य संस्थांचा कायदा निराळा, २००२ चा.) घर किंवा जमीन असेल, तर सर्वांत वरची बोली ज्याची, त्याने शेकडा १५ रक्कम तेथल्या तेथे भरायची, बाकीची १५ दिवसांत.

एवढे करूनही घर आपले होत नाही. विक्रीपासून ३० दिवसांत कर्जदाराने थकबाकी, व्याज, खर्च आणि आपल्या बोलीवर शेकडा ५ रक्कम भरली, तर विक्री रद्द होते. आपले पैसे त्या पाच टक्क्यांसह परत येतात. घेणाऱ्याला हे टोचते खरे. पण ज्याची चूल त्या घरात पेटते, त्याला ही शेवटची वाट आहे, आणि ती बुजवावी असे आम्ही तरी म्हणणार नाही.

चौघांनी आधीच संगनमत करून बोली दाबली, तर कर्जदाराचे घर जाऊनही कर्ज उरते, आणि ठेवीदाराचा पैसा अडकतो. बँकेतील ठेवीला असणारे पाच लाखांचे विमासंरक्षण पतसंस्थेच्या ठेवीला नाही.

तेव्हा बोलीपूर्वी शेताचा सातबारा, घराचा नमुना आठ पाहावा, आणि आत कोण राहते ते स्वतः जाऊन विचारावे.