टेरेसवर लाकडी वाफा करताय? आधी स्लॅबला विचारा!

दिवा आणि डोंबिवलीच्या मधलं कोपर. खाडी जवळ, जमीन सखल. पावसाळ्यात अशा जमिनीत पाणी साचतं, मुळं कुजतात आणि हौसेने लावलेली मेथी हातची जाते. शेतकऱ्यांनी यावर उपाय कधीच शोधलाय : गादीवाफा. म्हणजे आजूबाजूच्या जमिनीपेक्षा उंच केलेला मातीचा वाफा. त्याला चार बाजूंनी फळ्या लावल्या की झाला घरच्या घरी लाकडी वाफा!

पण तो अंगणात करायचा की गच्चीवर, यावर बाकी सगळं ठरतं.

वजनाचं गणित काय आहे?

ओली माती १ लिटरला साधारण दीड ते पावणेदोन किलो भरते. १ फूट खोल वाफा म्हणजे दर चौरस मीटरला जवळपास ५०० किलो. वापरातल्या गच्चीसाठी भारतीय मानकांत धरलेला भार मात्र दर चौरस मीटरला साधारण १५० किलोच असतो. म्हणजे अंगणात चालणारा वाफा गच्चीवर तिपटीहून जड पडतो.

म्हणून गच्चीवर खोली ६ इंचच ठेवा. नुसती माती न भरता कोकोपीट, कंपोस्ट आणि सुका पालापाचोळा जास्त, माती थोडी असं मिश्रण करा. भिजल्यावरही ते नुसत्या मातीपेक्षा हलकं राहतं. मेथी, पालक, कोथिंबीर, माठ यांना एवढी खोली पुरते. वाफा गच्चीच्या मधोमध नको, खाली भिंत किंवा बीम असेल तिथे ठेवा. इमारत जुनी असेल, स्लॅब गळत असेल, तर आधी सोसायटीची परवानगी आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरचा सल्ला घ्या. ३० वर्षांहून जुन्या इमारतींना तसंही स्ट्रक्चरल ऑडिट बंधनकारक आहे.

लाकूड कोणतं घ्यावं?

सागवान टिकतं, पण महाग. पॅकिंगच्या पॅलेटच्या फळ्या स्वस्तात मिळतात. त्यावरचा शिक्का मात्र बघा. 'एचटी' म्हणजे लाकूड उष्णता देऊन निर्जंतुक केलंय, ते चालेल. 'एमबी' म्हणजे मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेली, ते भाजीसाठी नको. लाकडाला जळकं ऑइल किंवा जुना रंगही नको. कच्चं जवसाचं तेल लावून सुकू द्या.

कसा बनवायचा?

१. ६ इंच रुंदीच्या दोन फळ्या ४ फुटांच्या आणि दोन २ फुटांच्या कापा. रुंदी २ फूट असली की भिंतीला लागून ठेवलेल्या वाफ्यातही हात पलीकडच्या कडेपर्यंत पोचतो.

२. कोपऱ्यांसाठी २ बाय २ इंचाचे चार तुकडे घ्या, लांबी ८ इंच. खाली उरलेले २ इंच म्हणजे वाफ्याचे पाय.

३. आधी ड्रिलने बारीक भोक पाडा, मग गंज न लागणारे स्क्रू मारा. नुसत्या खिळ्यांनी फळी फाटते.

४. दोन्ही कर्ण टेपने मोजा. सारखे भरले तर चौकट काटकोनात आहे.

५. तळाला अर्ध्या इंचाच्या फटी ठेवून पट्ट्या ठोका, वर शेडनेट अंथरा. पायांखाली रबराचे तुकडे द्या. पाणी निघून जातं, खालून हवा खेळते आणि वॉटरप्रूफिंगला भोक पडत नाही.

अंगणात करत असाल तर पाय आणि तळ नकोत. फळ्यांचे दोन थर लावून १ फूट उंची करा, कोपऱ्याचे तुकडे १२ इंचांचे घ्या आणि जमिनीवर पुठ्ठा अंथरून माती भरा. पुठ्ठ्यामुळे तण दबतं आणि नंतर तो कुजून जातो.

आणि पावसाळ्यात?

तळाच्या फटी तुंबल्या तर वाफ्याचं तळं होतं. वजन वाढतं, डासही होतात. म्हणून जूनच्या आधी एक बादली पाणी ओतून बघा. ते खालून निथळलं, तर वाफा पावसाला तयार आहे.