अंथरूण किती दिवस धरावे?

वाचकहो, घरात कोणी आजारी पडले की आपण त्याला पहिली गोष्ट काय सांगतो? "पडून राहा. अजिबात उठू नका." हाड मोडो, अंगावरून वारे जावो, नाहीतर नुसता ताप येवो, आपण आधी खाट टाकतो. पाणीही तिथेच, जेवणही तिथेच. या सांगण्यात माया असते. पण ही मायाच कधी कधी घात करते. आम्हाला हे फार उशिरा कळले. कसे कळले, ते सांगतो.

१९८९ सालची गोष्ट. आम्ही तेव्हा कन्नड तालुक्यातल्या एका खेड्यात शिक्षक होतो. पावसाळा होता. आमची आई अंगणात घसरून पडली आणि तिचे मांडीचे हाड खुब्यापाशी मोडले. शहरातले डॉक्टर म्हणाले, "ऑपरेशन करू. हाडाला आधार दिला की त्या लवकर उठतील." आम्ही भ्यालो. या वयात कापाकापी कशाला, असे चार माणसेही म्हणाली. आम्ही आईला बैलगाडीतून घरी आणले आणि बाजेवर निजवले.

चौथ्या दिवसापासून आई म्हणू लागली, "बाळा, मला जरा उठवून बसव रे. पाठ जळती."

आम्ही म्हणालो, "माय, हलू नको. हाड जुळू दे."

ती रोज म्हणायची, आम्ही रोज नाही म्हणायचो. तिच्या पाठीला जखम झाली. मग खोकला लागला. छातीत कफ दाटला. दीड महिन्याने आई गेली. लोक म्हणाले, म्हातारीचे हाड मोडले, म्हणून गेली. आम्हीही तीस वर्षे तेच धरून चाललो.

पुढे २०२२ साली आमची थोरली बहीण, अक्का, न्हाणीत पडली. वय चौऱ्याहत्तर. हाड तेच, जागाही तीच. या वेळी मुलांनी ऐकले नाही. त्यांनी तिला शहरात नेऊन ऑपरेशन केले. दुसऱ्या दिवशी सकाळी एक तरुण मुलगी आली. हातात वॉकर. म्हणजे चार पायांची धरून चालायची घोडी. ती म्हणाली, "आजी, चला. आज उभं राहायचं."

आम्ही चिडलोच. "अहो, काल ऑपरेशन झालं! जरा विश्रांती घेऊ द्या की!"

मुलगी शांतपणे म्हणाली, "काका, हाडाला डॉक्टरांनी आधार दिलाय. वजन टाकायला त्यांनी परवानगी दिलीय. आता आजी जितक्या दिवस झोपतील, तितक्या त्या खचतील. ही माझ्या मनची गोष्ट नाही. मोजून पाहिलेली गोष्ट आहे."

ही मुलगी फिजिओथेरपिस्ट होती. व्यायाम, हालचाल, शेक, मालिश अशा साधनांनी शरीराला पुन्हा कामाला लावण्याची विद्या म्हणजे फिजिओथेरपी. 'मोजून पाहिलेली' हा तिचा शब्द आमच्या मनात रुतला. आम्ही जन्मभर मुलांना गणित शिकवले. तेव्हा काय मोजले, कोणी मोजले, हे आम्ही विचारत गेलो. मिळाले ते असे.

नुसते पडून राहिल्याने काय होते?

स्नायू म्हणजे मांस. ते वापरले तर टिकते. न वापरले तर ते दिवसागणिक झिजते. पायाचे मांस सर्वांत आधी उतरते. हाडांनाही भार लागतो. भार नसला की हाडातला चुना कमी होतो आणि हाड ठिसूळ होते. सांधे आखडतात.

आपल्या शहरातली पाणचक्की आपण पाहिली असेल. डोंगराकडून मातीच्या नळांतून पाणी आणले. ते उंचावर चढवून खाली सोडले, आणि त्याच्या जोरावर दगडी जाते फिरवले. पायातले रक्तही असेच वर चढवावे लागते. ते काम पोटरी करते. आपण चालतो तेव्हा पोटरी आवळते आणि शिरेतले रक्त वर ढकलते. पाय निपचित राहिला तर रक्त तुंबते. तिथे गुठळी होऊ शकते. ती गुठळी सुटून फुप्फुसात अडकली तर जीवावर बेतते.

उताणे पडून राहिले की फुप्फुसाच्या खालच्या भागात हवा नीट खेळत नाही. तिथे कफ साचतो आणि न्यूमोनिया होतो. एकाच कुशीवर राहिले की कातडी दबते, तिला रक्त मिळत नाही आणि जखम होते. आता पाहा, आमच्या आईला काय झाले? पाठीला जखम आणि छातीत कफ. ती हाडाने गेली नाही. ती अंथरुणाने गेली.

पाच तरुण आणि वीस दिवस

१९६६ साली अमेरिकेतल्या डल्लास शहरात डॉक्टरांनी एक प्रयोग केला. वीस वर्षांचे पाच धडधाकट तरुण निवडले. त्यांना कसलाही आजार नव्हता. त्यांना पळायला लावून, श्वासातून शरीर किती प्राणवायू वापरते, हे मोजले. त्यावरून माणसाचा दम किती, हे कळते. मग पाचही जणांना वीस दिवस खाटेवर ठेवले. उठवल्यावर पुन्हा मोजले. दम शंभरातून सुमारे सत्तावीस भाग घटला होता. म्हणजे रुपयातले चार आण्यांहून जास्त गेले! आजार नसताना हे झाले. नुसत्या पडून राहण्याने झाले.

त्यानंतर त्यांच्याकडून सुमारे आठ आठवडे व्यायाम करून घेतला. गेलेला दम परत आला.

पुढची गोष्ट आणखी नवलाची आहे. तीस वर्षांनी, १९९६ साली, त्याच पाच जणांना पुन्हा बोलावले. आता ते पन्नाशीचे होते. पुन्हा मोजले. तीस वर्षांच्या वयाने त्यांचा जेवढा दम घटला होता, त्यापेक्षा वीस दिवसांच्या अंथरुणाने जास्त घटला होता. विशीतल्या तरुणाची ही गत, तर सत्तरीच्या अक्काची काय होईल?

नव्वदीतही ताकद वाढते

"म्हातारपणी आता कसला व्यायाम?" असे आपण म्हणतो. १९९० साली अमेरिकेतल्या बोस्टन शहरातून याचे उत्तर आले. तिथल्या वृद्धाश्रमातली दहा अशक्त माणसे घेतली. वय छ्याऐंशी ते शहाण्णव. त्यांच्याकडून आठ आठवडे, देखरेखीखाली, पायाने वजन उचलण्याचा व्यायाम करून घेतला. नऊ जणांनी तो पुरा केला. त्यांच्या मांडीची ताकद सरासरीने पावणेतीन पट झाली. नव्वदीतले मांसही हाक मारली की ओ देते. हाक मात्र मारली पाहिजे.

मग उठवण्याची घाई करावी का?

नाही. इथे नीट थांबा. लंबक एकदम दुसऱ्या टोकाला नेऊ नका.

मेंदूचा रक्तपुरवठा तुटला की अर्धांगवायू होतो. आपण म्हणतो, अंगावरून वारे गेले. अशा माणसाला किती लवकर उठवावे? हे पाहण्यासाठी पाच देशांतल्या ५६ रुग्णालयांत २,१०४ रुग्णांवर मोठी चाचणी झाली. तिचा निकाल २०१५ साली आला. अशी चाचणी कशी करतात? चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट पाडतात, म्हणजे लाडका-दोडका होत नाही. एका गटाला पहिल्या चोवीस तासांतच, जास्त वेळा आणि जास्त जोराने हालचाल दिली. दुसऱ्या गटाला नेहमीचे उपचार दिले. तीन महिन्यांनी पाहिले. घाई केलेल्या गटात शंभरातले ४६ रुग्ण चांगल्या स्थितीत होते. दुसऱ्या गटात ५० होते. घाईचा फायदा झाला नाही, थोडे नुकसानच झाले.

म्हणजे हालचाल हे औषध आहे. आणि औषधाला मात्रा असते. मात्रा जाणत्याने ठरवावी.

आपल्या देशातही एक चाचणी झाली. १४ रुग्णालयांतले वारे गेलेले १,२५० रुग्ण घेतले. अर्ध्या रुग्णांच्या घरच्या माणसांना व्यायाम करून घ्यायला शिकवले आणि नेहमीच्या उपचारांत ही भर घातली. बाकीच्या अर्ध्यांना नुसते नेहमीचे उपचार दिले. निकाल २०१७ साली आला. सहा महिन्यांनी दोन्ही गटांत शंभरातले ४७ रुग्ण दगावले तरी होते किंवा दुसऱ्यावर अवलंबून होते. फरक काहीच नाही! सर्वांना वाटले होते की फरक पडेल. तरी जे दिसले ते छापले. संशोधन याचे नाव. आपल्याला आवडेल ते नव्हे, तर मोजल्यावर दिसेल ते मानायचे.

यावरून घरच्यांनी हात आखडता घ्यावा का? मुळीच नाही. घरच्यांशिवाय रुग्णाचे पान हलत नाही. पण घरच्या मायेने तज्ज्ञाची जागा भरून निघत नाही, एवढे यातून घ्यावे.

इस्लामपूरचा जलतरणपटू

मुरलीकांत पेटकर हे नाव आपण ऐकले असेल. सांगली जिल्ह्यातल्या पेठ इस्लामपूरचा हा जवान १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून जखमी झाला. कमरेखालचे अंग निकामी झाले. उपचाराचा भाग म्हणून त्यांना पोहायला लावले. पाण्यात शरीराचा भार हलका होतो आणि उरलेले स्नायू काम करू लागतात. त्या पोहण्यानेच ते पुढे निघाले. १९७२ साली जर्मनीतल्या हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये त्यांनी ५० मीटर पोहण्यात सुवर्णपदक जिंकले. भारताचे ते पॅरालिम्पिकमधले पहिले सुवर्ण. २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

पेटकरांचे पाय परत आले नाहीत. हे लक्षात ठेवा. गेलेले सारे परत येतेच असे नाही. पण उरले आहे त्याच्यावर माणूस उभा करता येतो. पुनर्वसन म्हणतात ते हेच.

ज्ञान होते, पण पोचले नव्हते

आम्हाला एक गोष्ट टोचते. मुंबईच्या केईएम रुग्णालयात फिजिओथेरपी शिकवणारी शाळा १९५३ साली सुरू झाली. हाजीअलीची पुनर्वसन संस्था १९५५ सालची. डल्लासचा प्रयोग १९६६ चा. आमची आई गेली १९८९ साली. म्हणजे हे ज्ञान जगात होते, मुंबईतही होते. ते आमच्या बाजेपर्यंत आले नव्हते. आणि आम्ही तर शाळामास्तर, शिकलेसवरलेले! म्हणून म्हणतो, अक्षर ओळखीचे झाले की तिथे थांबू नका. वाचा, आणि वाचलेले चार घरांत सांगा.

आपण काय करावे?

डॉक्टरांना स्पष्ट विचारा, "रुग्णाला केव्हा बसवायचे? केव्हा उभे करायचे? पायावर भार किती टाकायचा?" आपणहून विचारायला लाजू नका. फिजिओथेरपिस्टची गाठ घालून द्या, असे म्हणा. घाटीत, म्हणजे आपल्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात, चौकशी करा. शहरात एमजीएमचे फिजिओथेरपीचे महाविद्यालयही आहे.

उठण्याची परवानगी मिळेपर्यंत डॉक्टरांना विचारून एवढे तरी करा. दर दोन तासांनी कूस बदला. पाठीची व टाचांची कातडी रोज पाहा. दिवसातून अनेकदा खोल श्वास घ्यायला लावा. चांगल्या पायाचा घोटा खालीवर हलवायला सांगा. जमत असेल तर जेवण टेकून बसवून द्या.

पहिल्यांदा उठवताना एकदम उभे करू नका. आधी खाटेच्या कडेला बसवा. चक्कर येते का, पाहा. एक पोटरी सुजली, दुखली, किंवा अचानक धाप लागली, तर व्यायाम थांबवा आणि लगेच दवाखाना गाठा.

अक्का त्या दिवशी वॉकर धरून उभी राहिली. पाय लटपटत होते. डोळ्यांत पाणी होते. पाच पावले टाकली आणि बसली. दुसऱ्या दिवशी दहा. तीन महिन्यांनी ती काठी टेकत शेजारी हळदीकुंकवाला गेली. जाताना दारात थांबून म्हणाली, "माय असती तर तिलाही चालवलं असतं रे."

आम्ही काय बोलणार? चौथ्या दिवशी आई जे म्हणाली होती, ते बरोबर होते. तिला न शिकता कळले होते. आपल्या घरात कोणी खाटेवरून म्हणाले की "मला उठवून बसव", तर लगेच नाही म्हणू नका. आधी डॉक्टरांना विचारा. ते हो म्हणाले, तर हात द्या.