देशाचं गहाण आणि आपला घरखर्च

अंगावरचं सोनं गहाण टाकताना बाईच्या जिवाला काय वाटतं, हे तुम्हा-आम्हाला कुणी सांगायला नको. मैत्रिणींनो, १९९१ साली अशीच वेळ देशावर आली होती. परदेशातून माल आणायला जेमतेम दोन-तीन आठवड्यांपुरतं परकीय चलन उरलं होतं. त्या जुलैत रिझर्व्ह बँकेने सुमारे ४७ टन सोनं इंग्लंड आणि जपानच्या मध्यवर्ती बँकांकडे तारण ठेवून ४० कोटी डॉलर उभे केले. तेवढ्याने भागणार नव्हतं, म्हणून आंतरराष्ट्रीय नाणेनिधीकडूनही कर्ज घेतलं.

कर्ज आलं की अटी आल्याच. सरकारी तूट कमी करा, अनुदानं आवरा, व्यापार खुला करा. रुपयाची किंमत तर जुलैतच दोनदा कमी केली होती.

दिल्लीतल्या या घडामोडींचा रावेरशी काय संबंध? केळीला पोटॅश भरपूर लागतं आणि ते परदेशातूनच आणावं लागतं. रुपया घसरला तसं ते आणणं महागलं. त्यात ऑगस्ट १९९२ मध्ये पोटॅश आणि स्फुरदाच्या खतांवरचं नियंत्रण उठलं, भाव एकदम चढले. युरिया तेवढा नियंत्रणात राहिला. मग शेतकरी स्वस्त युरियाच जास्त टाकू लागले. शिवाराचा खर्च वाढला, की कात्री आधी घरातल्या किराण्याला आणि मुलीच्या शिक्षणाला लागते, हे आपण जाणतोच.

रशियात तर याहून कठीण झालं. २ जानेवारी १९९२ला तिथे बहुतेक वस्तूंचे भाव एका फटक्यात मोकळे केले. वर्षभरात महागाई पंचवीसपटीने वाढली, म्हाताऱ्यांची आयुष्यभराची पुंजी मातीमोल झाली. मॉस्कोच्या रस्त्यांवर बायका घरातल्या वस्तू विकायला उभ्या राहिल्या. आपल्याकडे बदल टप्प्याटप्प्याने झाले, म्हणून एवढा दणका बसला नाही.

बदल नकोच होते, असं मी म्हणणार नाही. देशाचं गहाण सुटलं. २००९ मध्ये तर रिझर्व्ह बँकेने त्याच नाणेनिधीकडून २०० टन सोनं विकत घेतलं!

पण बचत गटात कर्ज मंजूर करताना आपण दोन गोष्टी विचारतोच ना? हप्ता कशातून फेडणार, आणि त्यापायी घरात कुणाच्या पोटाला चिमटा बसणार? देशाच्या कर्जालाही हेच प्रश्न लागू आहेत. ते विचारायला अर्थशास्त्राची पदवी लागत नाही, घर चालवल्याचा अनुभव पुरतो.