चार घासांत पोट गच्च, पाचव्याला उलटी! वजन घटवण्याच्या शस्त्रक्रियेनंतर जेवायचे कसे?

जुळे सोलापूर : ताटात कडक भाकरी, शेंगाची चटणी, दही. समोरून आग्रह, 'अहो, एवढ्यानं काय होतंय?' पण वजन घटवण्याची म्हणजेच बॅरिॲट्रिक शस्त्रक्रिया झालेल्या माणसाचे पोट चार घासांतच भरते. पाचवा रेटला की छातीत दाटते, तोंडाला पाणी सुटते, उलटी होते. घरच्यांना वाटते, ऑपरेशन बिघडले. बहुतेक वेळा चुकलेली असते ती जेवणाची गती. मात्र प्रत्येक उलटी किरकोळ नसते.

असे का होते?
इजिप्तच्या इमान अहमद यांच्यावर २०१७ मध्ये मुंबईच्या सैफी रुग्णालयात झालेली 'स्लीव्ह' शस्त्रक्रिया देशभर गाजली. या पद्धतीत जठराचा सुमारे तीन चतुर्थांश भाग काढून केळ्याच्या आकाराची अरुंद नळी ठेवतात. त्यात सुरुवातीला जेमतेम १०० ते १५० मिली अन्न मावते. 'बायपास'मध्ये तर जठराची छोटी पिशवी थेट लहान आतड्याला जोडतात.

काय पाळावे?
* साधारण पहिले दोन आठवडे पातळ पदार्थ, मग घोटलेले, त्यानंतर मऊ अन्न. घट्ट जेवण सहा ते आठ आठवड्यांनी, तेही आहारतज्ज्ञांना विचारून.
* घास लहान, २० ते ३० वेळा चावून. जेवण २० ते ३० मिनिटे चालावे. पोट भरल्यासारखे वाटताच थांबावे.
* जेवताना पाणी नको. जेवणानंतर अर्धा तास थांबून घोट घोट प्यावे. सोडा, कोल्ड्रिंक टाळावे.
* आधी डाळ, अंडे, पनीर असे प्रथिनांचे पदार्थ, भात-भाकरी नंतर.
* मोकळा भात, ब्रेड, कोरडे मटण अडकते. परवानगी मिळाल्यावर कडक भाकरीही आमटीत पूर्ण भिजवूनच खावी.

गोड खाल्ल्यावर घाम का फुटतो?
साखर झपाट्याने आतड्यात उतरते. १० ते ३० मिनिटांत धडधड, पोटात कळ, जुलाब होतात. याला 'डंपिंग' म्हणतात. बायपासनंतर हे अधिक दिसते. काहींची रक्तातली साखर एक ते तीन तासांनी घसरते आणि हात थरथरतात, चक्कर येते.

दवाखाना कधी गाठावा?
पाणीही पोटात टिकत नसेल, ताप, वाढती पोटदुखी, वेगाने चालणारी नाडी, दम लागणे किंवा काळी शौच असेल, तर वाट पाहू नये. सुरुवातीच्या आठवड्यांत जठराच्या टाक्यांतून गळती होण्याचा धोका असतो. उलट्या सलग चालल्या तर ब१ जीवनसत्त्व घटते. तोल जाणे, एकाचे दोन दिसणे, गोंधळल्यासारखे बोलणे ही त्याची लक्षणे. उपचाराला उशीर झाला तर मेंदूची कायमची हानी होऊ शकते. जीवनसत्त्वांच्या गोळ्या म्हणूनच आयुष्यभर घ्याव्या लागतात.

घरच्यांनी एवढेच करावे : ताट लहान वाढावे, आग्रह करू नये. उलटी मात्र लपवू देऊ नये.