कोरसमधली माणसे कापू नका

कॉलेजचा वार्षिकांक असो की भीमजयंतीला विद्यार्थ्यांनी काढलेला भीमगीतांचा विशेषांक, लेख वेळेवर जमतात. घोडे अडते ते फोटोंपाशी. अमरावती-अकोल्याकडील आपली मुले-मुली असे अंक हौसेने काढतात. त्यांच्यासाठी आणि घरच्या मंडळींसाठी हे चार शब्द.

लोककवी वामनदादा कर्डक (१९२२-२००४) किंवा अमरावतीत जन्मलेले सुरेश भट (१९३२-२००३) यांचे फोटो सहज मिळतात. मिळत नाहीत ते गावच्या गायन पार्टीचे. एखाद्याच घरी भिंतीवर काचेच्या फ्रेममध्ये असा एक फोटो असतो. मध्ये गायक, एका बाजूला पेटी, दुसऱ्या बाजूला ढोलकी आणि मागे कोरस धरणारी मंडळी. अंकात जागा थोडी, म्हणून गायक तेवढा ठेवला जातो. कात्री चालते ती ढोलकीवाल्यावर आणि कोरसमधल्या बाईवर. दिवसभर मजुरी करून रात्रभर साथ देणाऱ्या त्या माणसाचा कदाचित तेवढाच एक फोटो असेल! ज्यांना वर्तमानपत्रांत जागा नव्हती, त्यांच्यासाठी बाबासाहेबांनी ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' सुरू केला. त्यांचे नाव घेणाऱ्या अंकाने आपल्याच माणसाला बाहेर काढावे काय? जागा कमी पडली तर एक फोटो कमी घ्या. पण घ्याल तो पुरता छापा.

दुसरी गोष्ट रंगाची. कोडॅक कंपनी फोटोचे रंग जुळविण्यासाठी प्रयोगशाळांना जे नमुना-कार्ड देत असे, त्यावर अनेक वर्षे गोऱ्या स्त्रीचाच चेहरा होता. त्या मापाने सावळ्या चेहऱ्यांचे बारकावे हरवत. आता तेच काम आपण मोबाईलवर आपल्या हाताने करतो आणि आजीला गोरी करून टाकतो. धूळ, ओरखडे, घडीची रेघ जरूर पुसा. काळोखात गेलेले डोळे दिसावेत इतपत उजेड वाढवा. पण कातडीचा रंग बदलू नका आणि मूळ फोटोत नसलेला निळा झेंडा मागे चिकटवू नका. फोटो हा पुरावा असतो.

आता कामाचे. मूळ फोटो घराबाहेर नेऊ नका. काचेला चिकटला असेल तर ओढू नका. ओसरीच्या उजेडात, फ्लॅश न लावता, काचेवर चमक येणार नाही असा फ्रेमसकट टिपा. स्कॅन करणे शक्य असेल तर त्याच मापात छापण्यासाठी ३०० डीपीआय आणि दुप्पट मोठा छापण्यासाठी ६०० डीपीआय ठेवा. व्हॉट्सअ‍ॅपवर साधा फोटो पाठविला की तो लहान होतो, म्हणून डॉक्युमेंट करून पाठवा. जी काही दुरुस्ती कराल ती वेगळ्या प्रतीवर करा. पहिली प्रत तशीच जपून ठेवा. छापण्यापूर्वी घरच्यांची परवानगी घ्या आणि अंक निघाला की एक प्रत त्यांना नेऊन द्या.

सर्वात महत्त्वाची फोटोखालची ओळ. 'गायक व सहकारी' एवढ्यावर भागवू नका. डावीकडून क्रमाने नावे, कोण काय वाजवीत होते, गाव आणि साल लिहा. साल पक्के नसेल तर 'सुमारे' लिहा. ही नावे सांगणारी माणसे आता थकली आहेत. अंक पुढल्या महिन्यात निघाला तरी चालेल. फोटोतल्या माणसांची नावे मात्र आजच आजीजवळ बसून लिहून घ्या.

जयभीम!