ड्राइव्ह पुनर्निर्देशन (दूरस्थ डेस्कटॉप)

ड्राइव्ह पुनर्निर्देशन ही दूरस्थ डेस्कटॉप प्रणालीतील एक सुविधा आहे. दूरच्या संगणकावर काम करीत असताना वापरकर्त्याच्या समोरील संगणकाची हार्ड डिस्क, पेन ड्राइव्ह किंवा एखादा फोल्डर त्या दूरच्या संगणकावर उपलब्ध करून देणे, हे तिचे कार्य होय. या लेखात वापरकर्त्याच्या समोरील संगणकास 'स्थानिक' व जोडलेल्या संगणकास 'दूरस्थ' म्हटले आहे.

गरज

दूरस्थ डेस्कटॉपमध्ये पडद्यावरील चित्र स्थानिक संगणकाकडे येते आणि कळफलक व माउसच्या क्रिया दूरस्थ संगणकाकडे जातात. सर्व कामकाज दूरस्थ संगणकावरच चालते. उदाहरणार्थ, सांगलीच्या मार्केट यार्डातील हळदीच्या एका अडत दुकानाचे हिशेब दुकानातील संगणकावर आहेत आणि दुकानाची हिशेबनीस विश्रामबागेतील घरून त्यावर काम करीत आहे, असे समजू. हळदीच्या पट्ट्यांची फाईल तिच्या लॅपटॉपवर असेल, तर दुकानातील संगणकाला ती दिसत नाही. सत्रात दिसणारा 'सी' ड्राइव्ह दुकानाचा असतो, घरचा नव्हे. नवशिक्या वापरकर्त्याला फाईल हरवल्यासारखी वाटते, ती पुष्कळदा हा भेद ध्यानात न आल्यामुळे.

इतिहास

मायक्रोसॉफ्टने १९९८ मध्ये विंडोज एनटी ४.० च्या टर्मिनल सर्व्हर आवृत्तीत रिमोट डेस्कटॉप प्रोटोकॉल (आरडीपी) आणला. स्थानिक ड्राइव्ह जोडण्याची सोय २००१ मधील विंडोज एक्सपीबरोबर आलेल्या ५.१ या आवृत्तीत मिळाली.

कार्यपद्धती

आरडीपीच्या एकाच जोडणीत अनेक आभासी वाहिन्या असतात. त्यांपैकी एक वाहिनी ड्राइव्ह, प्रिंटर इत्यादी उपकरणांसाठी असते. सत्रातील कार्यक्रमाने स्थानिक फाईल मागितली, की ती मागणी या वाहिनीतून स्थानिक संगणकाकडे जाते आणि फाईलमधील मजकूर त्याच वाटेने परत येतो. त्यासाठी वेगळे पोर्ट उघडावे लागत नाही. दूरस्थ संगणकावर हे ड्राइव्ह 'टीएसक्लायंट' या नावाखाली, स्थानिक संगणकाच्या नावासह दिसतात.

घरून कार्यालयाकडे फाईल नेताना घरच्या जोडणीचा अपलोड वेग निर्णायक ठरतो. तो सेकंदाला १० मेगाबिट असल्यास १०० मेगाबाइटच्या फाईलला किमान ८० सेकंद लागतात. म्हणून मोठी फाईल पुनर्निर्देशित ड्राइव्हवरच उघडून काम करण्याऐवजी आधी दूरस्थ डिस्कवर उतरवून घेणे सोयीचे असते.

वापर

विंडोजच्या 'रिमोट डेस्कटॉप कनेक्शन' या कार्यक्रमात जोडणीपूर्वी सर्व पर्याय उघडून स्थानिक साधनांच्या विभागात हवे ते ड्राइव्ह निवडता येतात. सत्र सुरू झाल्यावर कोणते ड्राइव्ह द्यावयाचे हे बदलायचे असल्यास जोडणी तोडून पुन्हा जोडावी लागते. मात्र नंतर जोडल्या जाणाऱ्या ड्राइव्हचा पर्याय आधीच निवडला असल्यास सत्रादरम्यान लावलेला पेन ड्राइव्हही दिसतो. दूरस्थ संगणकाच्या व्यवस्थापकाने ही सुविधा धोरणाद्वारे बंद केली असल्यास निवड करूनही ड्राइव्ह दिसत नाहीत. लिनक्सवरील रेमिना व फ्रीआरडीपी यांतून ठरावीक फोल्डर देता येतो.

सुरक्षितता

पुनर्निर्देशनाने उघडलेली वाट दुहेरी असते. वापरकर्ता स्वतःची फाईल दूरस्थ संगणकावर नेऊ शकतो, तसेच त्या सत्रात चालणारा कोणताही कार्यक्रम स्थानिक ड्राइव्हवरील फाइली वाचू, बदलू किंवा पुसू शकतो. त्यासाठी त्याला वापरकर्त्याचेच अधिकार मिळतात. दूरस्थ संगणकात खंडणीखोर विषाणू असल्यास घरची कागदपत्रेही कुलूपबंद होण्याचा धोका असतो.

ऑक्टोबर २०२४ मध्ये मायक्रोसॉफ्टने अशा एका मोहिमेची माहिती जाहीर केली. 'मिडनाइट ब्लिझार्ड' या हल्लेखोर गटाने ईमेलमधून आरडीपी जोडणीच्या तयार फाइली पाठविल्या होत्या. १०० हून अधिक संस्थांमधील हजारो व्यक्ती तिचे लक्ष्य होत्या. अशी फाईल उघडताच पीडिताचा संगणक हल्लेखोरांच्या सर्व्हरला जोडला जाई आणि त्याच्या डिस्क त्या सर्व्हरला उपलब्ध होत.

त्यामुळे संपूर्ण ड्राइव्हऐवजी कामापुरता पेन ड्राइव्ह किंवा एकच फोल्डर देणे, काम संपताच निवड काढून टाकणे आणि अनोळखी व्यक्तीने पाठविलेली आरडीपी फाईल न उघडणे हे उपाय महत्त्वाचे मानले जातात.