तिळगुळाचे पाकीट : हाताने केलेल्या भेटीविषयी



स्मृतिव्याख्यानासाठी साहित्य, इतिहास, समाजकारण असे भारदस्त विषय निवडण्याची प्रथा आहे. त्या पंक्तीत कागद, कात्री आणि खळ घेऊन बसणे काहींना अप्रस्तुत वाटेल. परंतु शाळेत हस्तव्यवसायाचा तास असतो, आणि त्या तासाला आपण काय शिकलो याचा विचार मोठेपणी क्वचितच होतो. तो विचार करण्यासाठी मी एकच लहानशी वस्तू निवडली आहे : संक्रांतीला घरी तयार केलेले तिळगुळाचे पाकीट. त्यात खाऊ असतो, शुभेच्छापत्र असते आणि हाताने घडवलेली भेटही असते. हैदराबादेतील मराठी माणसाच्या दृष्टीने त्यात आणखी एक गोष्ट सामावलेली आहे. तिच्याकडे मी शेवटी येईन.

कागद बोलत होता

छापील शुभेच्छापत्रे आपल्याकडे येण्यापूर्वीच आपल्या घरांत कागद बोलत असे. लग्नपत्रिकेच्या कोपऱ्यांना हळदकुंकू लागले की मंगल वार्ता न वाचताच कळे. कोपरा फाडलेले पत्र पोस्टमनने दारात टाकले की घरातील माणसे अक्षर पाहण्याआधीच गंभीर होत. पत्राच्या माथ्यावर ‘श्री’ असे.

घड्यांच्या कलेसाठीही आपल्याला फार दूर जाण्याचे कारण नाही. जपानच्या ओरिगामीचे आपण योग्य कौतुक करतो, आणि डॉ. अनिल अवचट यांच्यासारख्या लेखकाने ती कला मराठी घरांत प्रेमाने पोहोचवली. परंतु वैद्याची चूर्णाची पुडी, देवळातील अंगाऱ्याची पुडी, वाण्याची जिऱ्याची पुडी यांतही कागदाच्या घडीचे शास्त्रच आहे. डिंक नाही, दोरा नाही. एक टोक दुसऱ्या टोकात खोचले की आतला कणही बाहेर येत नाही.

पोस्टाची सोय सर्वदूर झाली तेव्हा या पुडीला आणि पत्राला संक्रांतीने एकत्र आणले. दूरच्या आप्तांना हलव्याचे चार दाणे पाठवायचे, सोबत गोड बोलण्याची आठवण करून देणारे चित्राचे कार्ड घालायचे, ही पद्धत विसाव्या शतकात महाराष्ट्रात घरोघरी रूढ झाली.

कागजीपुरा ते हैदराबाद

आपल्या या भागाचे कागदाशी असलेले नाते जुने आहे. दौलताबाद आणि खुलताबाद यांच्या दरम्यान कागजीपुरा नावाचे गाव आहे. महंमद तुघलकाने १३२७ च्या सुमारास राजधानी दिल्लीहून दौलताबादेस हलवली, त्या काळात कागद करणारे कारागीर येथे आले, असे परंपरा सांगते. चिंध्या कुटून त्यांचा लगदा करायचा, तो पाण्याच्या हौदात कालवायचा, गवताच्या काड्यांच्या चाळणीवर उचलून घ्यायचा, ओला ताव भिंतीला चिकटवून वाळवायचा, त्याला खळ द्यायची आणि गुळगुळीत दगडाने घोटायचे, असा तो उद्योग. घोटल्याने पृष्ठभाग बसतो आणि शाई पसरत नाही. ‘घोटीव कागद’ हा शब्द आपण आजही वापरतो. त्यामागे दगड फिरवणारा हात आहे.

ज्या जिल्ह्यात हे गाव आहे तो औरंगाबाद, म्हणजे आजचा छत्रपती संभाजीनगर जिल्हा, १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यातच होता. गिरणीच्या कागदाने हातकागदाला मागे सारले, तेव्हा त्याच्या पुनरुज्जीवनाचे प्रयत्नही मराठी मुलखात झाले. १९३४ मध्ये महात्मा गांधींनी वर्ध्यास अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन केला. हातकागद हा त्याच्या उद्योगांपैकी एक होता. पुण्यात १९४० मध्ये हातकागद संस्था उभी राहिली.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली. मराठवाड्याचे जिल्हे मुंबई राज्यात गेले, आणि हैदराबाद शहर आंध्र प्रदेशाची राजधानी झाले. केशवराव कोरटकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शतकाच्या पहिल्या दशकात ‘विवेकवर्धिनी’सारखी संस्था या शहरात उभारली, तेव्हा नांदेड, परभणी आणि हैदराबाद ही एकाच राज्यातील ठिकाणे होती. आता माहेर एका राज्यात आणि सासर दुसऱ्या राज्यात, अशी अनेक कुटुंबांची स्थिती झाली. अशा वेळी पोस्टाने जाणाऱ्या तिळगुळाच्या पाकिटाला केवळ सणाचा अर्थ राहत नाही.

कृती आणि तिची कारणे

आता प्रत्यक्ष कृतीकडे वळू. कार्डासाठी जाड कागद घ्यावा. वहीचा कागद चौरस मीटरला साधारण ६० ग्रॅम वजनाचा असतो. कार्डाला २०० ग्रॅमच्या पुढचा हवा. यंत्रावर तयार होणाऱ्या कागदात बहुतेक तंतू एकाच दिशेने पडतात. त्या दिशेला समांतर घडी सरळ आणि स्वच्छ पडते. आडवी घातली तर तंतू मोडतात आणि घडीवर पांढरी, खरबरीत भेग दिसते. दिशा ओळखणे सोपे आहे. कागद दोन्ही बाजूंनी हलकेच वाकवून पाहावा. ज्या बाजूने तो कमी विरोध करतो, त्या घडीच्या रेषेला तंतू समांतर असतात.

बाजारातील ए-४ कागदात तंतू बहुधा लांबीच्या दिशेने असतात. म्हणून अख्खा कागद मधोमध दुमडून मोठे कार्ड केले की घडी तडकते. तोच कागद आधी मधोमध कापून दोन अर्धुके केली, आणि प्रत्येक अर्धुक पुन्हा मध्यावर दुमडले, तर घडी तंतूंना समांतर येते आणि एका कागदात दोन सुबक कार्डे होतात. हातकागदात ही अडचण फारशी नसते, कारण कारागीर चाळणी हलवतो तेव्हा तंतू निरनिराळ्या दिशांना पडतात. कागद फार जाड असल्यास पट्टी धरून, शाई संपलेल्या बॉलपेनने घडीच्या जागी आधी चर पाडावी. घडी घालताना चर बाहेर आणि तिचा उंचवटा आत ठेवावा, म्हणजे बाहेरचे तंतू ताणले जाऊन तुटत नाहीत.

हलव्याच्या पुडीसाठी १५ सेंटिमीटर बाजूचा चौरस कागद पुरतो. तो कर्णावर दुमडून त्रिकोण करावा आणि लांब बाजू आपल्याकडे ठेवावी. वरच्या पदराची डावी तिरकी कड खालच्या लांब बाजूवर आणून घडीची खूण करावी, आणि पुन्हा उलगडावी. ही खूण समोरच्या तिरक्या कडेला जेथे मिळते, त्या बिंदूवर त्रिकोणाचे डावे टोक आणून ठेवावे. मग उजवे टोक तसेच डावीकडे न्यावे. वर दोन सुटे पदर उरतात. एक पुढच्या कप्प्यात खोचला की पुडीचे तोंड उघडते. हलवा घालून दुसरा पदर मागून पुढे आणून त्याच कप्प्यात खोचला की ते मिटते. आतून स्वच्छ बटर पेपर घालावा. वर्तमानपत्राचा कागद मात्र खाऊसाठी वापरू नये. छपाईच्या शाईतील घातक द्रव्ये अन्नात उतरतात, असा इशारा भारतीय अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाने २०१६ मध्ये दिला आहे.

चित्रे चिकटवण्यास घरची खळ उत्तम. एक भाग मैदा पाच-सहा भाग पाण्यात कालवून, मंद आचेवर अर्धपारदर्शक होईपर्यंत ढवळावा. उष्णतेने पिठूळ कण पाणी पिऊन फुगतात, आणि तोच चिकटपणा आपण वापरतो. लेप पातळ असावा व चिकटवलेले काम पुस्तकांखाली दाबून वाळवावे. एरवी ओला झालेला कागद वाळताना वेडावाकडा होतो. ही खळ दोन दिवसांत आंबते, म्हणून लागेल तेवढीच करावी.

राहिला हलवा. भाजलेले तीळ कोमट परातीत घेऊन, मंद आचेवर पातळ पाक चमचा-चमचा सोडत बोटांनी फिरवत राहायचे. प्रत्येक थर वाळल्यावरच पुढचा चमचा. असे तासन् तास, कधी दोन-तीन दिवस चालल्यावर दाण्याला काटा येतो. हवा दमट असेल तर पाक वाळत नाही आणि काटा धरत नाही. पौषातील कोरडी थंडी या कामाला मानवते. हाच हलवा पुठ्ठ्यावर आणि दोऱ्यावर बसवून नव्या सुनेसाठी मुकुट, हार, बाजूबंद करतात, आणि बोरन्हाणाला बाळाच्या अंगावर चढवतात. कागद आणि साखर यांची ही जोडी आपल्या स्त्रियांनी कोणत्याही कलाशाळेत न जाता साधली आहे.

घडीतील गणित

ही पुडी करताना मुलाच्या हातून एक भूमितीची कृती घडते. आपण जी खूण केली, तिने ४५ अंशांचा कोन दुभागला. त्या खुणेचा बिंदू त्रिकोणाच्या शिरोबिंदूपासून बाजूच्या √२ वजा १ इतक्या पटीने, म्हणजे आपल्या कागदावर सुमारे ६.२ सेंटिमीटरवर पडतो. जी संख्या पट्टीवर नेमकी मोजता येत नाही, ती घडीने सहज सापडते.

हा धागा पकडून मद्रासचे टी. सुंदरराव यांनी १८९३ मध्ये कागदाच्या घड्यांतून भूमिती शिकवणारे इंग्रजी पुस्तक लिहिले. जर्मन गणिती फेलिक्स क्लाइन यांनी त्याची दखल घेतली आणि १९०१ मध्ये त्याची अमेरिकन आवृत्ती निघाली. पुस्तकाची कल्पना आपल्याला बालोद्यानातील कागदाच्या घड्यांवरून सुचली, असे सुंदररावांनी नमूद केले आहे. बालोद्यानाचा जनक फ्रेडरिक फ्रोबेल मुलांच्या हाती जी साधने देई, त्यांना तो ‘भेटी’ म्हणत असे. शिक्षण ही मुलाच्या हाती ठेवलेली भेट आहे, हा विचार त्या नावात आहे.

मायना

आता ज्या गोष्टीचा प्रारंभी उल्लेख केला तिच्याकडे येतो. पुडी झाली, कार्ड झाले. आत काय लिहायचे?

विकत आणलेल्या कार्डात मजकूर तयार असतो आणि तो कोणालाही चालतो. घरी केलेल्या कार्डाची आतली बाजू कोरी असते. तेथे पहिली ओळ मायन्याची. आजोबांना ‘तीर्थरूप’; वडिलांच्या जागी मानलेल्या परक्या गृहस्थांना ‘तीर्थस्वरूप’; धाकट्या भावाला ‘चिरंजीव’. मोठ्यांना शिरसाष्टांग नमस्कार, धाकट्यांना अनेक आशीर्वाद. ही ओळ लिहिण्यापूर्वी मुलाला विचारावे लागते : हे माझे कोण? मी त्यांचा कोण? मराठी मायना हा नात्यांचा नकाशाच आहे, आणि तो हाताने काढल्याशिवाय लक्षात राहत नाही.

हैदराबादेतील मराठी मूल आज घरी मराठी बोलते, गल्लीत तेलुगू आणि दखनी बोलते, शाळेत बहुधा इंग्रजी लिहिते. हे बहुभाषिकत्व या शहराचे वैभव आहे आणि त्याविषयी खंत करण्याचे कारण नाही. संक्रांतीला याच शहराच्या गच्च्यांवर पतंगी कागद आणि बांबूच्या कामट्यांचे पतंग सर्व भाषांची मुले एकत्र उडवतात. छत्ता बाजारात लग्नाच्या रुक्क्यांसाठी सुंदर उर्दू अक्षर लिहिणाऱ्या कातिबांची परंपरा होती. संगणक आल्यावर तीही क्षीण झाली. हाताचे अक्षर मागे पडणे हे दुःख एकट्या मराठीचे नाही.

परंतु बोलली जाणारी आणि कधीच न लिहिली जाणारी भाषा हळूहळू घराच्या उंबऱ्याच्या आत अडकते. आजीचे जुने पत्र सापडले तर नातवाला ते वाचता येत नाही. व्हॉट्सअॅपवरील तयार चित्र एका क्षणात पन्नास जणांना पाठवता येते आणि त्यात वाईट काहीच नाही. मात्र ते पाठवताना पन्नासांपैकी एकाचाही स्वतंत्र विचार करावा लागत नाही. कार्डाच्या बाबतीत वेगळे घडते. कागद निवडताना, घडी जुळवताना, काकूंना लाल रंग आवडतो की हिरवा हे आठवताना अर्धा तास एकाच माणसाच्या सहवासात जातो. हाताने केलेल्या भेटीचे मोल तिच्या स्वस्तपणात नाही, आणि सुबकपणातही नाही. त्या अर्ध्या तासात आहे.

म्हणून माजी विद्यार्थ्यांना माझी विनंती मर्यादित आहे. मराठी टिकवण्याच्या मोठ्या प्रतिज्ञा आपण पुष्कळ ऐकल्या. येत्या संक्रांतीला घरातील मुलाला एक कागद, एक कात्री आणि एक पत्ता द्यावा. हलवा विकतचा असला तरी चालेल, घडी थोडी वाकडी आली तरी चालेल. मायना आणि चार ओळी मात्र त्याने स्वतःच्या हाताने, देवनागरीत लिहाव्यात. अक्षर चुकले तर आपण दुरुस्त करून पुन्हा लिहून घेऊ नये, तसेच पाठवावे. ज्यांना ते पाकीट पोहोचेल, ते आजोबा त्या चुकीसह ते जपून ठेवतील, आणि बहुधा उत्तरही लिहितील. ते उत्तर मुलाला वाचता यावे, एवढे काम शाळेने आणि घराने मिळून करायचे आहे.